घरच्यांचा तास

आमच्या घरात कुणी कुणाला 'कसा आहेस' असं विचारत नसे. 'ऊटा आत?' एवढंच विचारत. म्हणजे, जेवण झालं का? झोपेतून उठून चुलीपाशी गेलं तरी तेच, शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आधीही तेच. झालं म्हटलं तरी पुढ्यात काहीतरी यायचंच.

सोलापुरात बाळीवेशीत आमचं घर होतं. माझे वडील सिद्धलिंगप्पा, त्यांना मी अप्पा म्हणे. मंगळवार पेठेत त्यांचं शेंगा आणि गुळाचं दुकान. घरात माणसं चारच. अप्पा, माझी आई नागव्वा, जिला मी अव्वा म्हणे, अप्पांची थोरली बहीण बसम्माआत्या आणि मी, महानंदा. आत्याचं सासर मैंदर्गीचं. तरुणपणीच नवरा गेला, पदरात मूल नव्हतं, तेव्हा ती भावाकडे परत आली ती कायमची. माझ्याआधी या घरात एक मुलगा होऊन गेला होता. शिवपुत्र त्याचं नाव. मी जन्मायच्या आधीच तो वारला, आणि त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. मला त्याचं नाव तेवढं ठाऊक होतं.

तिघांची माया अशी एकट्या माझ्या ताटात पडायची. पहाटे मिलचा भोंगा वाजला की अव्वा उठायची. मी जागी होईपर्यंत भाकरीचा खमंग वास घरभर झालेला असायचा. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, बाजूला शेंगाचटणी आणि वर घट्ट साय आलेलं दूध. शाळा दुकानाजवळच होती. मधल्या सुट्टीत मी धावत, म्हणजे खरं तर डुलत डुलत, दुकानात जायची. अप्पा गिऱ्हाईक बाजूला ठेवून मला गादीवर घेत, ढेपेचा मऊ तुकडा फोडून हातावर ठेवत आणि शेजारच्या हलवायाकडून पेढा मागवत. घरी परतले की आत्या वाट बघतच असायची. फडक्यात गुंडाळलेली शेंगापोळी, वर तुपाची धार. संध्याकाळी अप्पा दुकानातून येताना कागदात गरम भजी आणत. रात्रीचं जेवण अजून व्हायचंच असायचं.

मला हे सगळं आवडायचं. का नाही आवडणार? अजूनही खमंग शेंगा भाजल्याचा वास आला की अप्पांच्या दुकानातली ती पांढरी गादी, तागाच्या पोत्यांचा खरखरीत स्पर्श आणि तराजूच्या साखळ्यांचा आवाज असं सगळं एकदम अंगावर येतं.

पण सातवीत गेले तोवर वर्गात माझ्याएवढी जाड मुलगी दुसरी नव्हती. बापाचा धंदा गुळाचा, म्हणून मुलींनी माझं नाव 'ढेप' ठेवलं होतं. मीही त्यांच्याबरोबर हसायची. हसलं की त्या लवकर विसरतात हे मला कळलं होतं.

त्याच वर्षी, म्हणजे पंचाहत्तर साली, आमच्या शाळेत कोळेकर बाई आल्या. मूळच्या कुर्डुवाडीच्या. त्यांचे वडील तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात होते. वयानं लहान, आवाजानं त्याहून लहान. गृहशास्त्र शिकवायच्या. आधीच्या बाईंच्या तासाला आम्ही फक्त रुमालाला टाके घालायचो. या बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक मोठं गोल ताट काढलं आणि म्हणाल्या, "काल रात्री तुमच्या ताटात काय होतं, एकेकीनं येऊन काढा." अर्धा तास नुसता गोंधळ. माझ्या शेजारी नरसम्मा नावाची मुलगी बसायची, तेलुगू विणकरांची, काटकीसारखी बारीक. तिनं एक भाकरी काढली आणि खडू खाली ठेवला. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. नंतर माझी पाळी आली तेव्हा त्या माझ्याकडेही तशाच बघत राहिल्या.

पावसाळ्यात शाळेत डॉक्टर आले. वजनकाट्यावर माझा काटा सरकला तसे मागच्या मुलींत हसू पसरलं. डॉक्टर कोळेकर बाईंशी इंग्रजीत काहीतरी बोलले. बाईंनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या मुलीला हाक मारली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या.

शाळेतल्या बाई घरी आल्या म्हणजे केवढी गोष्ट! अव्वानं पाट मांडला, आत्या नवं लुगडं नेसली. बाई म्हणत होत्या, "मी जरा महानंदाबद्दल बोलायला आले होते," पण तोवर त्यांच्यापुढे ताट आलं होतं.

"आधी खावा, मग बोला की," आत्या म्हणाली. "पोरीच्या बाई तुमी. आमच्या घरातनं उपाशी जाणार व्हय?"

बाईंनी एक शेंगापोळी खाल्ली. आत्यानं दुसरी वाढली. बाईंनी ताटावर हात आडवा धरला, तर आत्यानं बोटांच्या फटीतून तूप सोडलं. "कुर्डुवाडीला असं मिळतंय का?" अव्वानं विचारलं. बाई नाही म्हणाल्या, आणि ते खरंच असणार, कारण तिसरीही त्यांनी संपवली. जाताना अव्वानं कुंकू लावलं. बाई उंबऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "येते मी," एवढंच म्हणून गेल्या.

खूप वर्षांनी त्यांनी मला सांगितलं की त्या संध्याकाळी त्या बाळीवेशीतून पार स्टेशनपर्यंत चालत गेल्या होत्या, पोट जड झालं होतं म्हणून. "तुमच्या घरात बसून तुमच्या घरचं बोलणं शक्य नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, यांना शाळेतच बोलवायला हवं. आणि एकट्या यांना नाही, सगळ्यांनाच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात जाहीर केलं. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरच्यांचा तास. आई, वडील, आजी, काकू, जे जे मुलीला खायला देतात त्या सगळ्यांनी यायचं. आणि आदल्या दिवशी मुलीला आपल्या हातानं जे दिलं, तेच आणि तेवढंच घेऊन यायचं.

आमच्या घरी याचा अर्थ एकच निघाला: पाककलेची स्पर्धा. अव्वा शुक्रवारभर खुशीत होती. अप्पांनी त्या शनिवारी दुकान नोकरावर सोडलं आणि ते इस्त्रीचं धोतर नेसले. आत्याचा डबा तिच्या पदराखाली, अव्वाचा पिशवीत, अप्पांचे खिसे फुगलेले. टांग्यातून आम्ही गेलो.

वर्गात बाकं भिंतीला लावली होती आणि मधे लांब टेबल. प्रत्येक मुलीच्या नावाचं एक रिकामं ताट. कितीतरी घरची माणसं आली होती. कुणाचे वडील मिलमधून तसेच कापसाच्या तंतूंनी माखलेले, कुणाची आजी दारातच बसलेली. बाई म्हणाल्या, "एकेकानं पुढं या आणि आपल्या मुलीच्या ताटात आपलं ठेवा."

नरसम्माची आई पुढे झाली. तिनं एक भाकरी आणि वाटीभर आंबट डाळ ठेवली आणि लगबगीनं मागे गेली. बाई तिच्या पाठोपाठ गेल्या, तिच्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. मग आमची पाळी आली.

अव्वानं मोठ्या तोऱ्यात भाकऱ्या, लोणी, चटणी मांडली. दुधाचा तांब्या ठेवला. ती जागेवर येऊन बसते तोच आत्या उठली आणि तिनं डब्यातल्या शेंगापोळ्या ताटात ठेवल्या. अव्वानं मान वर केली.

"आत्याबाई, पोळ्या संपल्या म्हणाला होता की तुमी!"

"तुझ्यापुरत्या संपल्या होत्या," आत्या म्हणाली. लोक हसले.

मग अप्पा. त्यांनी एका खिशातून गुळाचा खडा काढला, शेंगदाण्याची पुडी काढली. दुसऱ्या खिशातून पेढे. मग जरा थांबून, पिशवीतून तेल झिरपलेला भज्यांचा पुडा. ताटात जागा उरली नव्हती. बाईंनी दुसरं ताट आणवलं.

"अवो," अव्वा म्हणाली, "दुकानात बी देता आणि रात्री बी?"

"पोरगी सुट्टीत येती. रिकाम्या हातानं पाठवू व्हय?"

सगळा वर्ग हसत होता. मीही हसत होते. आमची दोन ताटं भरली होती, बाकीच्यांचं एकेक. मला वाटलं आपण जिंकलो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही ताटं एकमेकांना चिकटवली आणि आमच्या घरच्या तिघांकडे बघून विचारलं, "हे सगळं तुम्ही याआधी एका जागी पाहिलं होतं का?"

बाई पुढे म्हणाल्या, "कुणीच वेडंवाकडं काही दिलेलं नाही. घरचं, चांगलंच दिलंय. पण हे सगळं एकाच लहान अंगात जातं. डॉक्टर म्हणाले, तिचं वजन असंच वाढत राहिलं तर पुढे गुडघे दुखतील, दम लागेल, साखरेचा आजार लवकर धरेल."

अप्पा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज एरवी कधी चढत नसे.

"बाई, दुष्काळ होऊन अजून लई वर्षं न्हाई झाली. तवा ह्याच सोलापुरात माणसं सुकडीच्या रांगेत उभी होती. लेकरं डोळ्यादेखत सुकली. माझी लेक पोटभर खाती, ह्यात तुमाला आजार दिसतोय? तुमी तिला चारचौघांत ताटावर मोजायला आणलं व्हय?"

"अप्पा, मी तिला नाही मोजलं..." बाई म्हणायला लागल्या.

"चल अक्का," म्हणून अप्पा निघाले. आत्या त्यांच्यामागे. हसणारे लोक गप्प झाले होते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण जिंकलो नव्हतो.

तास संपला, सगळे गेले. अव्वा मात्र भांडी गोळा करत मागे राहिली. मी बाकावर बसले होते. तिनं तांब्यातलं दूध गाळणीनं गाळावं तसं हळूहळू डब्यात ओतलं, झाकण लावलं, आणि बाईंकडे न बघता बोलायला लागली.

"बाई, माझा पहिला मुलगा होता. शिवपुत्र. हगवण लागली. पोटात काही ठरेना. शेवटी असा झाला की माझी बांगडी त्याच्या हातात घातली तर खांद्यापर्यंत जायची. मी ती घालून बघायची रोज. बांगडी कुठं थांबती का म्हणून." तिनं डबा पिशवीत ठेवला. "ही झाली तवाच ठरवलं, पुन्हा ह्या घरात लेकराची हाडं दिसू द्यायची न्हाईत."

शिवपुत्राबद्दल मी ऐकलेलं पहिलं वाक्य ते. बाई येऊन अव्वाशेजारी, मुलींच्या त्या बुटक्या बाकावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्ही हिला वाचवलंत," त्या म्हणाल्या. "ती आता धडधाकट आहे, अव्वा. तिला फक्त पळता यायला पाहिजे."

"मग मी काय देऊ तिला?" अव्वानं विचारलं. "रिकाम्या हातानं लेकराजवळ जायचं कसं?"

बाईंनी बराच विचार केला. "मलाही नीट माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आपण बघू या. पुढच्या महिन्यात या."

घरी आल्यावर अप्पांनी सांगून टाकलं की त्या तासाला पुन्हा कुणी जायचं नाही. आत्यानं माझी दृष्ट काढली. पुढचे काही आठवडे आमच्याकडे जेवणं जरा गप्पगप्पच झाली.

आणि मग एका दुपारी अप्पा उधारीच्या वसुलीला निघालेले असताना शाळेच्या मैदानाशेजारून चालले होते. आमचा खेळाचा तास चालला होता. मुली लंगडी खेळत होत्या, धुळीचा लोट उठला होता. मी लिंबाच्या झाडाखाली बसले होते. माझ्यापुढे सगळ्या वर्गाच्या चपला ओळीनं मांडलेल्या. गाव-कुत्री येऊन चपला पळवत, म्हणून कुणीतरी राखायला लागे. ते काम कधीपासून माझ्याकडे आलं हे मलाही आठवत नव्हतं.

अप्पा कुंपणाशी थांबले. "महानंदा, तू खेळत न्हाईस?"

"मी चपला राखते, अप्पा."

"आज तुझी पाळी हाय?"

"रोज मीच राखते."

तेवढ्यात एक मुलगी पळत आली, "ए ढेप, माझी दे लवकर!" म्हणाली आणि मी तिची चप्पल उचलून दिली. अप्पांनी ते पाहिलं. छत्री काखेत धरून तसेच उभे राहिले, आणि मग वसुलीला न जाता उलट्या दिशेनं शाळेच्या दारात शिरले.

आत काय बोलणं झालं ते अव्वाला त्यांनी रात्री सांगितलं, आणि अव्वानं मला मोठेपणी. अप्पांनी बाईंना एवढंच विचारलं होतं, "माझ्या वाटणीचं काय काम हाय ते सांगा." बाई म्हणाल्या, "रोज थोडा वेळ तिला द्या. दुकानात नाही, दुकानाबाहेर. तिच्याबरोबर काहीही करा, फक्त बसू नका."

त्यानंतरच्या घरच्यांच्या तासाला आम्ही चौघंही गेलो. दर महिन्याच्या एका शनिवारी तो व्हायचा. हळूहळू बायकांबरोबर बाप्येही यायला लागले. बाई भाषण करत नसत. स्टोव्ह पेटवायच्या आणि कुणालातरी पुढे बोलवायच्या. मोड आलेल्या मटकीची उसळ कमी तेलात कशी होते, धपाट्यात मेथी किती मावते, सायीच्या दुधाऐवजी ताक कधी द्यायचं. नरसम्माच्या आईला त्यांनी शेंगदाण्याचा कूट डाळीत घालायला शिकवला आणि अप्पांनी कुणी न सांगता तिच्या घरी शेंगा पोचवायला सुरुवात केली. बारीक मुलींना वाढवायचं, माझ्यासारखीला आवरायचं, दोन्ही त्याच तासात, त्याच टेबलावर. कुणाला वेगळं काढलं नाही, म्हणून कुणी रागावून गेलंही नाही.

आमच्या घरासाठी बाईंनी एकच नियम घातला. वाढणारं माणूस एक असेल. आणि मुलीनं पुरे म्हटलं की हात थांबवायचा. अप्पा म्हणाले, "आमच्यात पुरे म्हणत न्हाईत, साकु म्हणतात." बाईंनी तो कानडी शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला.

तो शब्द तोंडातून काढणं किती अवघड होतं! अव्वाला मी म्हणू शकले. अव्वा थांबायची, पळी हवेत धरून जरा वेळ बघायची आणि मग पातेलं झाकायची. आत्याचं मात्र अवघड होतं. मी शाळेतून आल्यावर तिनं नेहमीसारखं फडकं सोडलं. मी अर्धी पोळी खाल्ली आणि म्हणाले, "साकु, आत्या."

तिला वाटलं मी आजारी आहे. कपाळाला हात लावून बघितला. "गोड कमी झालं व्हय?"

"नाही. साकु."

आत्या फडक्याची गाठ मारत राहिली. मारली, सोडली, पुन्हा मारली. मग पदरानं डोळे टिपत म्हणाली, "मग दुपारभर मी काय करायचं गं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला कुठून सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "तुझ्या लहानपणी तू कवड्या खेळायचीस ना? मला शिकव."

आत्यानं ट्रंकेच्या तळातून कवड्यांची पिशवी काढली. जमिनीवर खडूनं घरं आखली. आणि मला कळलं की माझी ही मऊ, रडवी आत्या खेळात कमालीची निष्ठुर आहे. माझी सोंगटी घराच्या तोंडाशी आली की ती अशी कवडी पाडायची की मी परत सुरुवातीला. हरले की ओरडायची, जिंकली की टाळ्या वाजवायची. शेजारच्या बायका बघायला यायच्या. पुढे तर दुपारी आमच्या पडवीत दोन दोन डाव लागायचे. आत्यानं मला चोरून कधीच काही दिलं नाही असं मात्र नाही. ती द्यायची. पण आता देताना आधी इकडेतिकडे बघायची आणि आम्ही दोघी हसायचो.

अप्पांनी दिवाळीच्या सुट्टीत सायकल काढली. म्हणजे भाड्यानं आणली. एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी. कारण त्यांनाही येत नव्हती! जन्मभर पायी किंवा टांग्यात बसून फिरलेला माणूस. पन्नाशीला आलेले, गोल पोटाचे, डोक्यावर टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे आणि धोतराचा सोगा कमरेला खोचलेला. सकाळी सकाळी आम्ही होम मैदानावर जायचो. यात्रेला अजून वेळ होता, मैदान मोकळं असायचं. तलावावरून गार वारा यायचा.

"बाईंनी काहीही करा म्हटलंय," अप्पा म्हणाले. "मग हे का नको?"

दुकानातला हमाल नागप्पा आम्हाला धरायला यायचा. त्यानं अप्पांना धरलं की मी पडायची, मला धरलं की अप्पा. एकदा दोघंही एकदम पडलो. अप्पांचं धोतर साखळीत अडकलं होतं आणि माझा परकर माझ्या साखळीत. फिरायला आलेली माणसं उभी राहून बघत होती. "अहो सिद्धलिंगप्पा, या वयात काय हे?" कुणीतरी म्हणालं. अप्पा बसल्या बसल्या धोतर सोडवत म्हणाले, "लेकीबरोबर शिकतोय की. तुमी बी या." आणि ते असे हसायला लागले की टोपी खाली पडली. माझे वडील एवढ्या मोठ्यानं हसतात हे मला माहीत नव्हतं. दुकानात ते कधी हसत नसत.

मी त्यांच्या आधी शिकले. ते मागून ओरडायचे, "हळू गं, हळू!" आणि मी मुद्दाम जोरात जायची.

डिसेंबरात शाळेच्या स्पर्धा झाल्या. मी पळण्याच्या शर्यतीत नाव दिलं. नंबर वगैरे काही आला नाही. माझ्यामागे एकच मुलगी होती, आणि तिचा पाय मुरगळला होता. पण मी शेवटच्या रेषेपर्यंत पळत गेले, मधे थांबले नाही. कोळेकर बाई रेषेशी उभ्या होत्या. माझी वेणी सुटली होती, ती त्यांनी तिथेच उभ्या उभ्या घालून दिली. 'ढेप' हे नाव काही लगेच गेलं नाही. तरी चपला त्या वर्षीपासून पाळीपाळीनं राखायला लागलो, आणि ते बाईंनी नव्हे, मीच मुलींना सांगितलं.

बाई आमच्याकडे फार राहिल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न ठरलं आणि त्या कुर्डुवाडीच्या शाळेत गेल्या. घरच्यांचा तास नंतर काही महिने चालला, मग बंद पडला. नव्या बाईंनी पुन्हा रुमाल काढले. मीही कधी बारीक झाले नाही. आमची हाडंच रुंद. पण धाप लागणं गेलं, आणि कॉलेजला मी सायकलवरून जायची तेव्हा बाळीवेशीतल्या म्हाताऱ्या दारात येऊन बघायच्या. अव्वाला बोलायला माणूस मिळालं होतं ते बाईंच्या रूपानं. शिवपुत्राचं नाव आता घरात निघायचं. श्रावणातल्या एखाद्या सोमवारी ती सहज म्हणायची, तो असता तर आता एवढा असता, आणि अप्पा ऐकून घ्यायचे, उठून जायचे नाहीत.

त्या हिवाळ्यातला एक रविवार सांगायचा राहिला. गड्डा, म्हणजे होम मैदानावरची यात्रा, उठला होता, पाळणे आणि दुकानं गेली होती, आणि अप्पांच्या मनात आलं की आता मैदान पुरे, हिप्परग्याच्या तलावापर्यंत सायकलनं जाऊ. अव्वानं डबा बांधायला घेतला. अप्पा म्हणाले, "नको. तिथं महिपतीचं शेत हाय, बघू." महिपती हा आमच्याकडे शेंगा घालणारा शेतकरी.

तुळजापूरच्या रस्त्यानं आम्ही निघालो. तेव्हा त्या रस्त्याला फारशी वाहनं नसत. एखादी एस.टी. धूळ उडवत जायची, की पुन्हा शांत. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसांत दाणे भरलेले. वारा समोरून होता. चढावर मला उतरावं लागलं, अप्पाही उतरले. आम्ही सायकली हातात धरून चालत होतो आणि अप्पा मला त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होते, त्यांचे वडील बैलगाडीतून गूळ घेऊन अक्कलकोटला कसे जायचे ते. अशा गोष्टी त्यांनी मला आधी कधी सांगितल्या नव्हत्या. दुकानाच्या गादीवर आम्ही बोलत नसू. तिथे ते द्यायचे आणि मी खायची.

महिपतीच्या शेतात पोचेपर्यंत उन्हं वर आली होती. त्यानं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि कपाळावर हात ठेवून बघतच राहिला.

"आगा बाबा! सावकार सायकलवर? या की, या. लई दिसानं आलात."

बांधाशी त्यानं आगटी केली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात हिरवी कणसं भाजत होती. महिपतीनं एक काढलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि गरम हिरवे दाणे माझ्या ओंजळीत टाकले. वर थोडं मीठ.

मी थांबले. माझ्या पोटात काहीतरी होत होतं. आतून कुणी ओढल्यासारखं, थोडं दुखल्यासारखं. मला भीती वाटली.

"अप्पा, माझ्या पोटात कसंतरी होतंय."

अप्पांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. महिपती मोठ्यानं हसला.

"भूक लागली असंल पोरीला! सोलापुरातनं पायडल मारत आली न्हाई का?"

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग तेही हळूहळू हसायला लागले. बारा वर्षांची मुलगी, आणि त्या घरात तिला भूक लागायला कुणी सवडच दिली नव्हती.

मी हुरडा तोंडात टाकला. गोड, कोवळा, धुराचा वास असलेला. इतकं चांगलं मी कधी काही खाल्लं नव्हतं. महिपती कणसं चोळत गेला, मी खात गेले. अप्पाही बांधावर मांडी घालून बसले आणि माझ्यासारखेच दोन्ही हातांनी खायला लागले. तलावाच्या बाजूनं वारा येत होता, ज्वारी सळसळत होती. बऱ्याच वेळानं मी हात झटकले आणि 'साकु' म्हणाले. महिपतीला कानडी येत नव्हतं, तो अजून एक कणीस काढायला वाकला.

अप्पांनी त्याचा हात धरला. "पुरे म्हणती ती," ते म्हणाले, आणि ते भाजलेलं कणीस त्यांनी स्वतःकडे घेतलं.